आम्झेलचा फोटो

आधी माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही. आमच्या वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत होती, तिथेच माझं शिक्षण थांबलं. पुढे हातात पेन आलं ते जर्मन फॉर्मवर सही करायला. माझी ओळ वर चढते, मधेच खाली घसरते, आणि घाईत लिहिलेलं माझं मलाच लागत नाही. ही वही तशी कोणी वाचायची नाहीच. मुलीला बोललेलं मराठी कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते, आणि लिहिलेलं मराठी तिला नक्षीसारखं दिसतं. ह्यांना वेळ नसतो. म्हणून तर मोकळेपणाने लिहायला बसले आहे. तरी कधी कोणाच्या हाती लागलीच, तर अक्षराला हसावं, पण मी जे केलं ते मात्र नीट वाचावं.

जर्मनीत लुडविग्सहाफेनला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लग्न झालं म्हणजे मुलगी मोठी झाली असं आमच्याकडे धरतात, पण खरं सांगायचं तर मी वाढले ती इथे, त्या एका वर्षात, आणि चांगली वाढले असं मला म्हणवत नाही. हे माझे सख्खे आतेभाऊ. मी पाळण्यात असतानाच आत्याने माझ्या वडिलांकडे शब्द टाकला होता. पुढे हे शिकत गेले, आधी तालुक्याला, मग पुण्याला, मग स्कॉलरशिपवर जर्मनीला. रसायनातले डॉक्टर झाले. आता हा चौथीवाली कशाला करतोय असं सगळ्या भावकीला वाटत होतं. ह्यांनी शब्द मोडला नाही. त्याबद्दल ते मला कधी एक अक्षर बोलले नाहीत, पण मला मात्र रोज वाटायचं की आपण ह्यांच्या घरात कोणीतरी मोठ्या मनाने ठेवून घेतलेल्या आहोत. त्याची परतफेड कशी करायची ते कळत नव्हतं.

आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं. खोलीच्या खिडकीतून दूरवर कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या, रात्रंदिवस दिवे लावून बसलेलं दुसरं एक गावच. वारा ऱ्हाइनकडून आला तर ओल्या गवताचा वास यायचा, चिमण्यांकडून आला तर कसलासा गोडसर, औषधी. हे सात वाजता सायकलवर निघायचे. त्याआधी मला भाकरी करायची असायची. गावाहून आणलेलं ज्वारीचं पीठ महिन्याभरात संपलं, तेव्हा मी दुकानातून राईचं पीठ आणून बघितलं. राई चिकट, हाताला सोडत नाही. पाण्याचा हात घेऊन चांगली जोरात थापावी लागते. परात ह्यांच्या त्या घरात नव्हती, मी ओट्यावरच थापायचे. सहा वाजता थप थप थप सुरू व्हायचं, आणि मला त्या आवाजाने गावाकडे असल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, हाडापेराने मोठी म्हातारी उभी, अंगात जाड गाऊन, पांढरे केस चिमट्यांनी बांधलेले. खालच्या घरातल्या फ्राउ लेंझ, म्हणजे लेंझबाई. जन्मभर ट्रामच्या डेपोत तिकिटं विकून निवृत्त झालेल्या, नवरा कधीच गेलेला. मी ह्यांच्या पाठीमागे उभी. त्या काय बोलत होत्या ते ह्यांनी मला नंतर सांगितलं.

"रोज सकाळी सहाला काय ठोकता? भिंतीत खिळा मारायचा तरी इथे वेळ ठरलेली आहे."

हे लाल झाले. म्हणाले, "माफ करा, माझी बायको ब्रेड करते."

"ब्रेड? ब्रेडला मारतात?"

त्या सरळ आत आल्या, ओट्यासमोर उभ्या राहिल्या, आणि हाताने मला खूण केली की कर, बघू. मी लाजेने अर्धमेली झाले, पण एक भाकरी थापली. तव्यावर फुगली तेव्हा त्यांनी भुवया वर केल्या. ह्यांनी ताटलीत भाकरी आणि कोपऱ्यात ठेचा दिला. फ्राउ लेंझनी ठेचा जॅमसारखा लावला. मग खुर्ची ओढून बसल्या, डोळे पुसले, अर्धा लिटर दूध प्यायल्या, आणि म्हणाल्या, "आल्झो," म्हणजे बरं तर, "उद्यापासून सातला मारा. आणि एक माझ्यासाठी, ते हिरवं न लावता."

तेव्हापासून हे आधी निघायचे, डब्यात आदल्या दिवशीची भाकरी नेऊ लागले, आणि मी सातला थापून एक खाली पोचवू लागले. माझं नाव सुजाता, पण फ्राउ लेंझना ते सुयाता असं म्हणता यायचं, तसंच म्हणायच्या. माझं जर्मन शंभरेक शब्दांचं. पण त्यांच्याशी बोलताना मला ते पुरायचं, कारण त्या थांबायच्या. मी शब्द शोधत असले की दुसरे लोक स्वतःच वाक्य पुरं करून मोकळे होतात. त्या तसं करत नसत. कॉफीचा कप हातात धरून वाट बघत बसायच्या.

मागच्या अंगणात सगळ्या बिऱ्हाडांची कपडे वाळत घालायची दोरी होती. एकदा मी परकराच्या नाड्या धुऊन घातल्या होत्या, सुती, पांढऱ्या, कडेला निळी रेघ, आईने वीस हात दिल्या होत्या. फ्राउ लेंझनी एक हातात घेतली. "ही कशाची फीत?" मला शब्द कुठला सुचायला. शेवटी मी गाऊनवरून कमरेला गाठ मारून दाखवली. त्या इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. म्हणाल्या, "आमचं इलॅस्टिक दर वर्षी दगा देतं. तुमचं बरंय, स्वतःच्या हाताने बांधा, स्वतःच्या हाताने सोडा."

त्यांनीच मला त्या फोटोवाल्या लोकांत नेलं. रेल्वेच्या कडेने बागा होत्या, छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाची एक झोपडी आणि दोन सफरचंदाची झाडं. त्या बागवाल्यांच्या क्लबच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आठ-नऊ जण जमायचे. कोणी मोठे फोटोग्राफर नव्हते. नियमच होता की कॅमेरा खिशात मावणारा हवा, आणि जे काढायचं ते आपल्या दारापासून अर्ध्या तासाच्या चालीतलं हवं. ट्रामच्या रुळात उगवलेलं पिवळं फूल. सायकलच्या सीटवरचं दव. पन्हळीवर चढणारी गोगलगाय. हेर कुंझ, म्हणजे श्रीयुत कुंझ, असे एक बागवाले फक्त स्वतःच्या खतातली गांडुळं काढायचे आणि दर महिन्याला गंभीरपणे सांगायचे की ही गेल्या महिन्यातली नाहीत. फोटो छापून आणून लांब टेबलावर मांडायचे. प्रत्येकाला कॉफीचे तीन दाणे मिळायचे. फिरून बघायचं आणि आवडेल त्या फोटोपुढे दाणा ठेवायचा. ज्याच्यापुढे जास्त दाणे, तो महिनाभर भिंतीवर. मग ते दाणे दळून त्याचीच कॉफी करायची.

तिसरा नियम फ्राउ लेंझनी मला वाटेतच सांगितला, थांबून, हळूहळू, मला कळेपर्यंत. "कशालाही हात लावायचा नाही. गोगलगाय पानाखाली असेल तर आपण वाकायचं. पान वाकवायचं नाही."

माझ्याकडे कॅमेरा नव्हता. ह्यांच्याकडे मागितला असता तर त्यांनी घेऊन दिला असता, पण माझी जीभ रेटली नाही. नदीकाठच्या जुन्या बाजारात फ्राउ लेंझनी एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला, चाळीस युरोला, कोपऱ्यावर चरा गेलेला, आणि माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, पैसे मी देईन. त्या नको म्हणाल्या. मी परत म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. दर शुक्रवारी. कॉफीच्या वेळेला." त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, तो त्यासाठी ठरला. खेळाच्या मैदानात आणि नदीकाठी लोक बाटल्या टाकून जायचे, त्या दुकानात परत दिल्या की पैसे मिळतात. मी डोक्यावर ओढणी घेऊन, ह्यांच्या ओळखीचं कोणी नाही ना असं बघत, पिशवीत बाटल्या गोळा करायचे. आठवड्याला एक युरो व्हायचा, कधी दीड. शुक्रवारी मी डब्यात नाणी टाकायचे. खण खण आवाज व्हायचा, आणि त्या म्हणायच्या, "बँक उघडली." मग कॉफी, आणि बुडवून खायची कडक बिस्किटं. माझ्या आयुष्यातली ती पहिली खुर्ची, जिच्यावर मी कोणाची तरी मुलगी, सून, बायको म्हणून बसत नव्हते.

पहिला फोटो मी नेला तो दोरीवरच्या चिमट्यावर बसलेल्या लाल ठिपक्यांच्या किड्याचा. मागे नाव आणि जागा लिहायची असते. मला तिथली लिपी लिहायची लाज वाटायची, म्हणून मी मराठीत लिहिलं, चिमट्यावरचा किडा, अंगण, सुजाता. सगळ्यांनी फोटो उलटा करूनच जास्त वेळ बघितला. हेर कुंझ म्हणाले, "बघा, अक्षरंसुद्धा दोरीवर वाळत घातली आहेत." शाळेत बाईंनी माझ्या अक्षरावर छड्या मारल्या होत्या. इथे ते हातोहात फिरत होतं. त्या दिवशी मला दोन दाणे पडले. एक फ्राउ लेंझचा होता, दुसरा कोणाचा ते अजून माहीत नाही.

रविवारी आजूबाजूच्या गावांतली आपली पाच-सहा कुटुंबं एकमेकांकडे वंदनेला जमायची. सगळे इंजिनिअर, संशोधक, बायकाही शिकलेल्या. वंदना झाली, पंचशील झालं, की जेवणं आणि गप्पा. कविताताई म्हणून एक होत्या, कॉम्प्युटरमध्ये नोकरी, मनाने वाईट नाहीत. त्या मोठ्याने विचारायच्या, "सुजाता, तू दिवसभर करतेस तरी काय गं? मला तर बाई घरात बसून वेड लागेल." सगळे हसायचे. हे सुद्धा थोडं हसायचे आणि मग ताटात बघायचे. ते ताटात बघणं मला फार लागायचं.

वसंतात फ्राउ लेंझच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कुंपणाच्या दाट झुडपात, आम्झेलने घरटं केलं. आपल्याकडच्या कस्तुरासारखा पक्षी, नर काळा, चोच पिवळी, मादी मातकट. दर वर्षी ती जोडी तिथेच यायची असं त्या सांगायच्या. तीच का दुसरी, कोणास ठाऊक, पण त्यांच्या लेखी तीच. नवरा गेला त्या वर्षी पहिल्यांदा आली होती. चार अंडी, निळसर हिरवी. पिलं फुटली त्या सकाळी त्या गाऊनवरच जिना चढून मला बोलवायला आल्या.

त्याच दिवसांत क्लबमध्ये ठरलं की शहराच्या वाचनालयात आपल्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. भिंतीवर पाचच फोटो मावतील, तेव्हा या वेळी ज्यांना जास्त दाणे पडतील तेच. मी घरी सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "लायब्ररीत तुझं नाव लागलं तर आख्खी लॅब घेऊन येतो बघ." ते हसत म्हणाले. मी हसले नाही. मला ते नाव भिंतीवर दिसायला लागलं, आणि त्याच्यासमोर उभे असलेले हे, मान वर करून.

त्या आठवड्यात फ्राउ लेंझना दोन दिवस बहिणीकडे जायचं होतं. जाताना मला खिडकीशी नेऊन म्हणाल्या, "मांजर आलं तर टाळी वाजव. बाकी काही करू नको. गेनाऊ?"

"गेनाऊ," मी म्हटलं. म्हणजे अगदी तसंच.

पहिल्या दिवशी मी वीसेक फोटो काढले. सगळे काळे. घरट्यावर पानांची एक जाड फांदी आडवी होती, त्यामुळे आत उजेडच नव्हता, आणि त्या कॅमेऱ्यात फ्लॅशशिवाय काही जमत नव्हतं. फ्लॅश मारायचा नाही एवढं मला कळत होतं. एवढं कळत होतं, हे मी मुद्दाम लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऊन कुंपणावर आलं. मी दोरीवरून एक नाडी काढली. फांदी हळूच मागे ओढली आणि कुंपणाच्या लोखंडी गजाला बांधली. दुसरी एक डहाळी होती, तीही त्याच नाडीच्या दुसऱ्या टोकाने. माझा हात हलका आहे, एक पान तुटलं नाही. घरट्यात ऊन पडलं. मी भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळाने आम्झेलबाई चोचीत अळी घेऊन आली, कडेवर बसली, आणि चार चोची एकदम उघडल्या, आतून केशरी, जणू चार पणत्या. मी सात फोटो काढले.

लगेच सोडणार होते. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण लगेच सोडणार होते. तेवढ्यात वर फोन वाजायला लागला. ह्यांचा. "लॅबमधले तीन जण येतायत जेवायला, संध्याकाळी. करशील ना?" माझ्याकडे कांदेसुद्धा नव्हते. मी पुढच्या दाराने तुर्की दुकानात पळाले, आले, चिरायला बसले, वरण, वांगी, भात, गोडाला शिरा. येताजाता मनात यायचं, खाली जाऊन सोडून येऊ. हे टाकते आणि जाते, ते उतरवते आणि जाते. पाहुणे आले. त्यांनी वांग्याचं कौतुक केलं. ह्यांनी कॅमेरा त्यांना दाखवला, छोट्याशा काचेवर तो फोटो, आणि मग स्वतः परत एकदा बघितला. "हे तू काढलंस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तशा नजरेने त्यांनी मला पहिल्यांदा बघितलं. त्या नजरेत मी नाडी विसरले.

सकाळी सातला भाकरी थापायला घेतली आणि पहिल्याच थापेला आठवलं.

पिठाच्या हातांनी, अनवाणी खाली गेले. घरटं एका अंगाला कललं होतं. आत काही नव्हतं. खाली मातीत एक पिलू पडलं होतं, बाकी तीन नव्हतीच. समोरच्या छपरावर एक एल्स्टर, लांब शेपटीचा काळापांढरा पक्षी, चोच पुसत बसला होता. आम्झेलबाई गजावर बसून चुक चुक चुक असा एकच आवाज काढत होती. फांदी जशी मी बांधली होती तशी, पडदा बाजूला केल्यासारखी. मी एक गाठ सोडली. दुसरी दवाने घट्ट झाली होती, सुटेना. वरून सुरी आणून नाडी कापली, गाठ मारलेला तुकडा गजालाच राहिला. कोणाचा तरी पायरव आला म्हणून मी तो तसाच सोडला. पिलू झुडपाखाली हातांनी पुरलं.

फ्राउ लेंझ दुपारी आल्या. बॅग हातात असतानाच खिडकीशी गेल्या. मी दारात उभी होते आणि रडत होते.

"मांजर? की एल्स्टर?"

"माहीत नाही. सकाळी बघितलं तर..."

त्या खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने उठून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको, पोरी. एल्स्टरलाही पिलं असतात. तू काय करणार." मग त्यांनी मला कॉफी करून दिली. मी ती प्यायले. तीस सेकंदांत सांगून झालं असतं. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता, तो तिथून जाईल म्हणून मी सांगितलं नाही. पुढे जे जे केलं त्यापेक्षा मला ती कॉफी जास्त आठवते.

फोटो नेला नसता तरी चाललं असतं. पण ह्यांनी स्वतः दुकानात जाऊन मोठा छापून आणला होता. शनिवारी टेबलावर ठेवला आणि सगळे भोवती जमले. दाण्यांची रास झाली. हेर कुंझनी आपले तिन्ही दाणे ठेवले आणि म्हणाले, "माझ्या गांडुळांना तोंड उघडता आलं असतं तर!" फ्राउ लेंझ शेवटी आल्या. चष्मा कपाळावर करून त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ.

"उजेड," त्या म्हणाल्या. "त्या जागी उजेड नसतो. पानं कुठे गेली?"

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "वारा होता."

"आल्झो," त्या म्हणाल्या. "वारा." त्यांनी फोटो खाली ठेवला आणि आपले तीन दाणे कोटाच्या खिशात टाकले.

वाचनालयात फोटो लागला. खाली माझं नाव छापलेलं. हे खरंच सगळ्यांना घेऊन आले, मान वर करून उभे राहिले, मला हवे होते तसेच. कविताताईंनी मला मिठी मारली. "अगं, पत्ता लागू दिला नाहीस की! आम्हाला शिकव आता." पुढच्या रविवारी वंदनेला बसले. पंचशीलातलं पहिलं, जिवाची हिंसा करणार नाही, तिथे माझा आवाज बारीक झाला. चौथं, खोटं बोलणार नाही, तिथे मी नुसते ओठ हलवले. शेजारी हे मोठ्याने म्हणत होते.

शुक्रवार चुकले नाहीत. मी जायचे, नाणी टाकायचे, त्या कॉफी करायच्या. डब्याचा आवाज मात्र बदलला होता. पूर्वी खण वाजायचं, आता बोदा यायचा, मऊ काहीतरी लागल्यासारखा. डबा भरत आला असेल असं मी धरलं. "बँक उघडली" असं त्या आता म्हणत नसत. बिस्किटं तीच. आणि दर शुक्रवारी एकदा तरी कप हातात धरून त्या म्हणायच्या, "आणि? काय सांगतेस?" आणि थांबायच्या, पूर्वी थांबायच्या तशाच, शब्द सापडेपर्यंत. मी ह्यांच्या डिक्शनरीतून एकेक शब्द शोधून वाक्य पाठ केलं होतं. मी फांद्या बांधल्या होत्या. चारच शब्द. जिना उतरताना पाठ यायचं, खुर्चीवर बसलं की मी हवामानाचं काहीतरी बोलायचे.

आता माझ्या फोनमध्ये अशाच हौशी लोकांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी कोणी गॅलरीतली जास्वंद टाकतं, कोणी सायकल ट्रॅकवरची खार. परवा एका तरुण मुलाने घरट्याचा फोटो टाकला. सुंदर होता. ऊन अगदी आतपर्यंत. चाळीस जणांनी अंगठे दाखवले. मी तो मोठा करून बघितला, कडेला एका फांदीचं टोक नुकतंच कापलेलं होतं, आतलं लाकूड पांढरं. मला त्याला विचारायचं होतं. मी बोट उचललं आणि फोन ठेवून दिला. विचारायचा मला काय अधिकार? त्या रात्री झोप आली नाही आणि सकाळी ही वही काढली.

माझा फोटो अजून आहे. ह्यांनी फ्रेम केला, आणि पुढे रेगेन्सबर्गला युनिव्हर्सिटीत नोकरी लागली तेव्हा तो आमच्याबरोबर आला. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि हे प्रत्येकाला सांगतात, माझ्या बायकोने साध्या छोट्या कॅमेऱ्यावर काढलाय. ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही. फ्राउ लेंझना मी दोन वर्षं नाताळचं कार्ड पाठवलं, मागे मराठीत नाव लिहून. तिसऱ्या वर्षीचं परत आलं, त्यावर पोस्टाचा शिक्का होता, पत्त्यावरची व्यक्ती हयात नाही असा. तेव्हा कळलं की आता वाक्य पाठ करून उपयोग नाही.

पण मी सांगत होते ते उन्हाळ्याचं. चाळीसातले बावीस युरो फिटले होते. अजून चार-पाच महिने तरी शुक्रवार होते, आणि मला एकही सोसवेना. ती खुर्ची, ते थांबणं. एका गुरुवारी मी ह्यांना म्हटलं, "अहो, मला अठरा युरो हवे होते." लग्नानंतर मी त्यांच्याकडे पहिल्यांदा पैसे मागितले. त्यांनी कशाला ते विचारलं नाही, वीसची नोट काढून दिली. इतकं सोपं होतं. इतके महिने मी ओढणीआड बाटल्या वेचत होते.

शुक्रवारी मी खाली गेले आणि नोट टेबलावर ठेवली. "सगळे," मी म्हटलं. "आज पूर्ण."

फ्राउ लेंझ नोटेकडे बघत राहिल्या. "घाई काय होती," त्या म्हणाल्या. "अजून पुष्कळ शुक्रवार होते तुझ्याकडे."

त्यांनी कॉफी ठेवली नाही. फळीवरून डबा काढला आणि मोजायला म्हणून टेबलावर उपडा केला. नाणी घरंगळली, आणि त्यांच्यामधून एक पांढरी गुंडाळी बाहेर पडली. वीतभर नाडी, कडेला निळी रेघ. धुतलेली, इस्त्री केलेली, नीट गुंडाळून ठेवलेली. एका टोकाला माझ्या सुरीचा काप, आणि मधे गाठ जिथे होती तिथे इस्त्री करूनही न गेलेली चुणी. मे महिन्यापासून मी दर शुक्रवारी तिच्यावरच नाणी टाकत होते.

त्यांनी ती बाजूला सारली नाही आणि माझ्या हातातही दिली नाही. नाण्यांच्या मधोमध तशीच राहू दिली. खुर्चीवर मागे टेकल्या, आणि थांबल्या. घड्याळ चाललं होतं. खिडकीबाहेर कुंपणात एक आम्झेल गात होता, त्या पक्ष्यांना उन्हाळ्यात दुसऱ्यांदा घरटं करायची सवय असते. माझ्या तोंडात ते चार शब्द आले. मी टेबलाकडे बघत राहिले, जसे हे ताटाकडे बघायचे.

मग फ्राउ लेंझनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नाणी मोजायला घेतली. सावकाश, एकेक, बोटाने ओढत, नाडीला वळसा घालून. बावीस मोजून झाले. वरती वीसची नोट. कपाटातून दोन युरो काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

"स्टिम्ट," त्या म्हणाल्या. बरोबर आहे. "तू आता माझं एक सेंटही देणं लागत नाहीस, सुयाता."